बनुबाई हयात आहेत का?

"कस्तुरी, त्या कॅसेटची कॉपी करून ठेव," असं जिनेशनं मला एकदा नव्हे, तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगताना त्यानं चष्मा काढला होता. आमचे हे चष्मा काढून बोलले की ते गंभीर आहेत असं समजायचं असतं. मी मात्र ब्राह्मीच्या तोंडात भाताचा घास सरकवत म्हणाले, "कॅसेट ही ऐकायची वस्तू असते, साठवायची नव्हे."

हे वाक्य मला फार आवडलं. दोन दिवसांनी शेजारच्या मंगलकाकूंनाही मी ते ऐकवलं. त्या म्हणाल्या, "व्हय का? बरं." मंगलकाकूंनी 'बरं' म्हटलं, तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

मी गाण्यातली आहे, हे आधी सांगायला हवं. गाणारी नव्हे, ऐकणारी. गायनाच्या पाच परीक्षा मी दिल्या. पाचवीला परीक्षकांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "तुमचा कान चांगला आहे." त्या दिवसापासून मी कानाकडेच लक्ष दिलं. लग्नात सांगलीला येताना माझ्यासोबत टेपरेकॉर्डर आणि कॅसेटचं एक खोकं आलं. दिवस गेल्यावर सकाळी तोडी, संध्याकाळी मारवा, असं वेळा पाळून पोटातल्या बाळाला ऐकवलं. बाळ लाथ मारायचं तेव्हा मी जिनेशला सांगायचे, "समेवर मारली बघ."

मग ब्राह्मी झाली. सहा महिने सगळं ठीक चाललं आणि वरचं अन्न सुरू करायच्या दिवशी तिनं तोंड बंद केलं ते केलंच. डॉक्टरांच्या वजनाच्या तक्त्यावर एक वर चढत जाणारी रेघ असते. आमचा ठिपका कायम तिच्या खाली. "खेळतीय ना? हसतीय ना? मग झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांना म्हणायला काय जातंय? मी सासऱ्यांना, म्हणजे वर्धमान आप्पांना, गळ घालून मार्केट यार्डात हळदीच्या वजनकाट्यावरही तिला ठेवून पाहिलं. काट्यावरचा माणूस म्हणाला, "आप्पा, माल जरा हलका हाय." मी दोन दिवस जेवले नाही.

त्यात आमचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. सासूबाई गॅलरीत उभं राहून सूर्याकडे बघत मला वेळ सांगायच्या. "गेला गं निम्मा. आता वरची कड ऱ्हायली." आणि ब्राह्मी पाच वाजता घेतलेला घास सहाला तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत बसायची. लहान मुलाला नियम नसतो, हे सासूबाईंनीच मला शंभरदा सांगितलं असेल. पण नियमापेक्षा मला ती शर्यत जिंकायची होती.

अशाच एका संध्याकाळी मी बाबांची कॅसेट लावली. माझे बाबा आटपाडीच्या पुढं एका गावात शाळामास्तर होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. कॅसेटच्या पहिल्या बाजूला त्यांनी रेडिओवरून एका थोर गवयाचा विलंबित ख्याल उतरवून घेतला होता. माझं मत असं की, त्या ख्यालातली पहिली पंधरा मिनिटं ऐकून माणूस मुळात चांगला होतो. ब्राह्मी पहिली चार मिनिटं ऐकून झोपली, घासासकट. मी तिची पाठ चोळत बसले, ख्याल संपला, आणि मशीननं आपोआप बाजू बदलली. दुसरी बाजू मला लहानपणापासून पाठ.

आधी वारा. मग मेंढरांची बें बें. मग बाबांचा आवाज, "हं, म्हणा बनुबाई." आणि मग त्या बाई गायला लागल्या. खडबडीत आवाज, कुठल्याही परीक्षेत न बसणारा.

माझ्या काळीचं कोकरू
चालता चालता बसलं
खांद्यावरी घेतलं तर
कानात माझ्या हासलं

आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी मेंढरांना घालतात तशी एक लांब "हुर्रर्रर्र".

त्या हुर्रर्रला ब्राह्मीनं डोळे उघडले. मग तोंड उघडलं. मी घाईनं घास घातला. तिनं गिळला! दुसरी हुर्रर्र, दुसरा घास. गाणं संपलं तेव्हा बाबांचं 'वा!' ऐकू आलं आणि वाटी रिकामी होती. सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, "अजून सूर्य हाय गं!" माझ्या पाच परीक्षा, तोडी, मारवा आणि गर्भसंस्कार एका हुर्रर्रपुढं वाहून गेले होते, पण त्या क्षणी मला काहीही वाटलं नाही. म्हणजे थोडं वाटलं.

पुढचे अडीच महिने आमच्या घरात दिवसातून तीन वेळा बनुबाई गायल्या. ठिपका रेघेच्या जवळ सरकला. जिनेशनं तीनदा सांगून शेवटी चष्मा काढला तो याच काळात.

आणि एका मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला टेपरेकॉर्डरनं 'चर्रर्र' केलं. कोकरू चालता चालता बसलं ते उठलंच नाही. झाकण उघडलं तर आत पट्टीच्या शेवया. ब्राह्मीनं मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड बंद केलं.

मंगलकाकू आवाजानं आल्या. "फ्रीजमध्ये ठेव घटकाभर. माझ्या भावजयीची ठेवली होती." ठेवली. ताकाच्या पातेल्याशेजारी. काही झालं नाही. मग काकू म्हणाल्या, "चुण्या पडल्यात गं तिला. हलकी इस्त्री मार." मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. प्लॅस्टिकला उष्णता दिली की काय होतं, या प्रश्नाला मला एकदा आठपैकी आठ गुण मिळाले होते. तरीही मी इस्त्री मारली. घाबरलेली आई काय करील याचा नेम नाही. उरलेला तुकडा चिकटपट्टीनं जोडून वाजवला, तर बनुबाईंच्या जागी सर्दी झालेला एक पुरुष गात होता. ब्राह्मी घाबरून रडली.

"तूच म्हण की," सासूबाई म्हणाल्या. "शिकलीयस ना?"

म्हटलं. मी मनापासून 'हुर्रर्रर्र' केली. ब्राह्मीनं तोंड आणखी घट्ट मिटलं. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की, वर कुणी पडलंय का.

दुसऱ्या दिवशी मी ब्राह्मीला कडेवर आणि कॅसेटला पर्समध्ये घेऊन मिरजेला गेले. आता इथं मला कुणी हसू नये. सांगलीच्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते. सूर बिघडला की मिरज. तंबोरे, सतारी दुरुस्त करणाऱ्यांच्या गल्लीत एका दुकानात म्हातारे कारागीर भोपळ्याला पॉलिश करत बसले होते. त्यांच्यापुढं मी कॅसेट ठेवली. त्यांनी ती उचलली, उलटीपालटी केली, वास घेतला.

"वहिनी, हिला इस्त्री केलीय का कुणी?"

मी ब्राह्मीचं टोपडं सारखं केलं.

"आम्ही भोपळा दुरुस्त करतो. तार बदलतो. पण हे..." त्यांनी कॅसेट अगदी हळू, आजारी पाखरू ठेवावं तशी गादीवर ठेवली. "ह्यात होतं काय?"

मी सगळं सांगितलं. रडले पण थोडी. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "मग त्या बाई कुठायत?"

"कुठल्या बाई?"

"गाणाऱ्या. त्या असतील तर कॅसेटचं काय एवढं?"

हे मला सुचलं नव्हतं. लहानपणापासून मी तो आवाज ऐकत आले. त्याची जात, त्याची पट्टी, त्याचा श्वास कुठं तुटतो हे सगळं मला पाठ. पण त्या आवाजाला पाय असतील, घर असेल, त्या बाई आज कुठंतरी बसून भाकरी खात असतील, असा विचार मी एकदाही केला नव्हता. कान चांगला असणं वेगळं. त्या दुकानात मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

मी शिकलेली, त्यामुळं आधी चौकशी आणि मग प्रवास. वृद्ध लोककलावंतांच्या मानधनाची यादी ठेवणारं एक कार्यालय सांगलीत आहे असं कळलं. तिथं धैर्यशील नावाचे क्लार्क होते. पहिल्या दिवशी म्हणाले, "अर्ज लागेल." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अर्जात नातं लिहा. तुम्ही कलावंताच्या कोण?"

"मी ऐकणारी आहे."

"असा रकाना नाही, ताई."

शेवटी ब्राह्मीनं त्यांच्या शिक्क्याचं पॅड चाटलं तेव्हा त्यांनी घाईघाईनं रजिस्टर उघडलं. निळ्या जिभेच्या मुलीला कडेवर घेऊन मी उभी. त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"बनुबाई. ओवी गायन. तालुका आटपाडी." मग त्यांनी मान वर केली. "मयत."

आधी मला ब्राह्मीच्या जेवणाचं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग एकदम बाबांचं ते 'वा!' आठवलं आणि असं वाटलं की, घरातलंच कुणीतरी गेलं आणि मला कळवलंसुद्धा नाही.

पण मी लक्ष ठेवणारी बाई आहे. रजिस्टर मला उलटं दिसत होतं तरी मी वाचलं. "तारीख कुठाय? बाकीच्या मयतांपुढं तारीख आहे. ह्यांच्यापुढं नाही."

"हयातीचा दाखला आला नाही. तीनदा माणूस पाठवला पडताळणीला. तिन्ही वेळा घराला कुलूप."

"कुलूप म्हणजे मयत?"

धैर्यशीलरावांनी चहा मागवला. एकच.

शनिवारी मी आटपाडीच्या एसटीत बसले. जिनेश येतो म्हणत होता, पण त्याला चष्मा काढायची संधी मला द्यायची नव्हती. निघताना माझ्याकडे ब्राह्मी, तीन बाटल्या, सहा लंगोट, उकळलेलं पाणी, थर्मामीटर आणि चिंच घातलेली आमटी एवढं सामान होतं. आमटी विट्यापर्यंतच टिकली. पुढं ती माझ्या साडीवर होती.

निघण्याआधी आप्पांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता. तो रोजचाच होता. आप्पा दिग्रजच्या रानातनं संध्याकाळी यायचे. पंधरा दिवसांपासून रानात मेंढरं बसवली होती. आमच्याकडे पीक निघालं की धनगरांना बोलवून रानात कळप बसवतात. लेंड्या, मूत पडून रान खतावतं आणि त्यांना धान्य द्यायचं. कळप आल्यापासून मी फर्मान काढलं होतं की, आप्पांनी अंघोळ करून, कपडे बदलून मगच ब्राह्मीला हात लावायचा. केस उडतात, जंतू असतात. आप्पा बिचारे दारातनंच सुरू करायचे, "अगं पोरी, त्या मेंढरामागं एक म्हातारी हाय, लय..."

"आप्पा, आधी पाय धुवा."

ते पाय धुवायचे. धुऊन येईपर्यंत विसरायचे.

बाबांची शाळा अजून तिथंच होती. बनुबाईंचं घर मागच्या आळीत. दाराला कुलूप, तेही गंजकं. माझा धीर सुटत चालला होता, तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या धोंडुबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं, "कोन पायजे गं?"

"बनुबाई... त्या गेल्या ना?"

"गेली की."

मी ब्राह्मीला ओट्यावर टेकवलं. "कधी?"

"दिवाळी झाल्यावर. दरसाल जात्यात. मेंढरं काय हितं दगडं खात्याली?"

"म्हणजे त्या जिवंत आहेत?"

धोंडुबाईनं शेंग खाली ठेवली. "मेली म्हनून कोन सांगितलं? दिवाळीला नळावर भांडली की माज्यासंगट! अशी भांडली, अशी भांडली... मेलेली बाई भांडती व्हय?"

तर हे असं होतं. वर्षातले सहा-सात महिने ही माणसं कळपामागं कृष्णेच्या काठानं रानोरान फिरतात. आणि साहेबांची पडताळणी नेमकी त्याच महिन्यांत. तीनदा कुलूप बघितलं, आणि रजिस्टरात बाई वारली. आभाळाखाली झोपणाऱ्या माणसाचा दाराच्या कुलपावरून पत्ता लावायचा, ही शिकलेल्या माणसाचीच अक्कल. मी हसले असते, पण मीही एका कॅसेटवरून तेच करत होते.

दारावर कोळशानं एक मोबाईल नंबर लिहिला होता. खाली नाव, आकाराम. "पोरगा हाय तिचा. लाव की फोन," धोंडुबाई म्हणाली आणि ब्राह्मीच्या हातात एक फोडलेली शेंग दिली. मी ती हळूच काढून घेतली. घशात अडकली असती.

फोन लागला. मागं मेंढरांचा कालवा. मी ओरडून विचारलं, "आकारामभाऊ, तुम्ही कुठायत आत्ता?"

"सांगलीच्या अलीकडं जी. दिग्रजला."

"दिग्रजला कुठं?"

"वर्धमान आप्पांच्या रानात."

मी फोन ठेवला. पंधरा दिवस. माझ्या घरापासून पाऊण तासावर, माझ्याच सासऱ्यांच्या रानात. धोंडुबाई म्हणाली, "पानी पी गं बाई. तोंड बघ कसं झालंय." ते पाणी उकळलेलं नव्हतं. मी प्यायले.

घरी आले तेव्हा आप्पा दारात पाय धूत होते. "आप्पा," मी म्हटलं, "त्या म्हातारीचं काय सांगत होता?"

"आता कुठं इचारतीस व्हय?" आप्पा म्हणाले. "लय गोड म्हनती, एवढंच सांगायचं हुतं."

रविवारी सकाळी आम्ही सगळे रानात. बनुबाई एका लंगड्या काळ्या मेंढीच्या पायाला हळद लावत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, वाळक्या, कपाळभर कुंकू. मी पाया पडले. आणलेली सगळी हकिकत एका दमात सांगितली आणि म्हटलं, "आजी, ते कोकराचं म्हणा ना. हिला भरवायचंय."

"कुठलं कोकराचं?"

मी दोन ओळी म्हणून दाखवल्या. त्यांनी तोंड वाकडं केलं. "मी म्हनलेलं न्हवं हे."

"आजी, तुमचाच आवाज. टेपवर आहे. होता."

"आसंल बाई. मी रोज येगळं म्हनती. जे मेंढरू फुडं आसंल त्याचं. ती काळी मरून किती साल झाली." मग हात थांबला. "टेप म्हनजे... ते मास्तर? चिंचंएवढं माइक घिऊन यायचं?"

"माझे बाबा."

"आगं बया! लेंड्यात मांडी घालून बसायचं की गं! नवं धोतर न्हाई बघितलं, काय न्हाई. म्हनायचं, बनुबाई, तुमाला काय द्यावं कळत न्हाई. मी म्हनलं, मास्तर, ऐकताय की, आजून काय?" त्या हसल्या. "हाईत का?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवरनं हळदीचा हात फिरवला. मी घाईत कालचीच साडी गुंडाळली होती; तो डाग आमटीच्या डागाशेजारी अजून आहे. दोन्ही मी जाऊ दिलेले नाहीत.

मी वाटी काढली. ब्राह्मीनं तोंड बंद केलं. मी चमचा नेला, माझे डोळे तिच्या ओठांवर. बनुबाई बघत होत्या.

"आशी टक लावून बसल्यावर मेंढरू तरी चरंल का गं?"

"म्हणजे?"

"पाठ फिरीव."

"आजी, घास अडकला तर?"

"मी हाय की. चार पोरं आन् ईस खंडीभर कोकरं वाडिवल्यात. फिरीव पाठ."

वाचकहो, माझ्या आयुष्यातली सहावी परीक्षा ती. मी ब्राह्मीला घोंगड्यावर बसवलं आणि पाठ फिरवली. समोर नुसतं मोकळं रान, लांब नदीची झाडी. मागं काय चाललंय दिसेना. मला तोडी माहीत, मारवा माहीत, पण इतका कान देऊन मी कधी ऐकलं नव्हतं. एका मेंढीचं चघळणं. भाकरी मोडल्याचा आवाज. मग बनुबाई गायला लागल्या, माझ्या मुलीसाठी नव्हे, त्या लंगडीसाठी. नवीनच काहीतरी, पायाचं आणि हळदीचं. शेवटी हुर्रर्रर्र. आणि मागून आप्पांचा दबका आवाज आला, "खातीय गं. हातानं खातीय. तू बघू नगंस."

मी बघितलं नाही. नुसतं 'वा!' म्हणाले. बाबांसारखं निघालं ते.

धैर्यशीलरावांना मी व्हिडिओ कॉल लावला. "चालत नाही, समक्ष लागतं," म्हणाले. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी हा माणूस स्वतःच्या मोटारसायकलवरून रजिस्टर घेऊन दिग्रजला आला, हे मी त्यांच्या उपकारात धरते. रानात उभं राहून त्यांनी विचारलं, "आजी, तुम्हीच बनुबाई, याचा पुरावा?"

"तुज्या बुटावर माजी मेंढी हुबी हाय. तिला इचार कुनाची हाय ती."

त्यांनी 'मयत' वर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'हयात'. तारीखही घातली. मी उलटीकडून वाचून खात्री केली.

ठिपका अजून रेघेच्या खालीच आहे, पण ब्राह्मी आता हातानं जेवते, अंगभर सांडते, आणि मी त्या वेळात गॅलरीत सासूबाईंच्या शेजारी उभी राहून सूर्य बघते. मंगलकाकूंचे, मिरजेच्या त्या कारागिरांचे, धोंडुबाईंचे आणि पाय धुणाऱ्या आप्पांचे आभार मानायला हे लिहायला बसले होते. जिनेशचेही. त्यानं परवा बनुबाईंचं नवं गाणं मोबाईलवर घेतलं आणि तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलं.

एकच गोष्ट राहिली. कळप गेल्या महिन्यात दिग्रजहून उठला. कराडकडनं वर साताऱ्याच्या बाजूला जातो म्हणाले. निघताना बनुबाईंना खोकला होता. औषध मी बांधून दिलंय, पण त्या घेतील याची खात्री नाही. आणि आकारामचा फोन नऊ दिवस लागत नाही. जिनेश म्हणतो, चार्जिंग संपलं असेल. असेलही.

तुम्ही त्या बाजूचे असाल आणि तुमच्या किंवा शेजारच्या रानात मेंढरं बसली असतील, तर संध्याकाळी जरा तिकडं चक्कर मारा. मागचा डावा पाय ओढणारी एक काळी मेंढी दिसते का बघा. तिच्याजवळच एक म्हातारी असेल. खोकला आहे का विचारा. गात असेल, तर विचारू नका. पाठ फिरवून थोडा वेळ नुसते उभे राहा आणि मला तेवढं कळवा.